तुटलेला स्टड काढताना

इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथे जोडतात, तिथले मॅनिफोल्डचे स्टड तुटण्याच्या बाबतीत भलतेच बदनाम आहेत. स्टड पोलादी, ते ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. वर्षानुवर्षं हे फुगणं-आकसणं चालू असतं, त्यात गंजाची भर. मग एक दिवस पान्हा अचानक हलका होतो आणि नट अर्धा स्टड घेऊन हातात येतो. गिऱ्हाईक समोर असेल तर मेस्त्री 'होईल, होईल' म्हणतो.

पुण्यात नाना पेठेत स्टड मिळेल. तुटका स्टड काढून देणारा हात मात्र विचारत विचारत शोधावा लागतो.

तुकडा थोडा वर असेल तर नशीब. त्यावर नट ठेवून आत वेल्डिंग भरतात. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला सहसा धक्का लागत नाही. नट लालबुंद होतो. कसबी माणूस इथे थांबतो. तापताना स्टड फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड ढिली होते. लाली गेली की पान्हा लावायचा, पण एकदम उलटा फिरवायचा नाही; किंचित पुढे, किंचित मागे, मधूनमधून तेलाचा थेंब. करकर आवाज येऊ लागला की तुकडा निघालाच म्हणून समजा.

तुकडा आत खोल तुटला तर ड्रिलशिवाय गत्यंतर नाही, आणि इथे सगळा खेळ मध्यबिंदूचा. पंचाची खूण बरोबर मधोमध बसली पाहिजे. ८ मिलिमीटरच्या साध्या आट्यांच्या स्टडमध्ये ६.८ मिलिमीटरचं भोक सरळ पडलं, तर आट्यांची उरलेली वेटोळी टोचणीने उचकटता येतात. ड्रिल जरा कलंडलं की कडक स्टड सोडून ते मऊ ॲल्युमिनियम खात सुटतं.

बाजारात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. तो कडक, म्हणून ठिसूळ. आतच मोडला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग हेड उतरवून स्पार्क मशिनवर न्यायचं. बोरिस आणि नताल्या लाझारेन्को हे सोव्हिएत दांपत्य विजेच्या ठिणगीने झिजणारे संपर्कबिंदू वाचवायच्या खटपटीत होतं. १९४३ मध्ये त्यांनी त्याच झिजेचं हत्यार केलं; हे मशिन त्यावरच चालतं. तेलात बुडवलेला तांब्याचा इलेक्ट्रोड स्पर्शही न करता ठिणग्यांनी पोलाद खातो. हेडमधले आटे गेलेच असतील तर भोक मोठं करून स्टीलच्या तारेचं हेलिकॉइल बसवतात.

बिलात सामान थोडं आणि मजुरी जास्त दिसेल; ती द्या. नव्या स्टडला अँटी-सीझ पेस्ट लावायला सांगा. आणि मेस्त्री 'गाडी उद्या' म्हणाला, तर आजच हवी म्हणून त्याच्या मागे लागू नका.