पिकअपला डिझेल इंजिन बसवण्याआधी



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी ८०,००० रुपये कर्ज मागितलं. त्यांच्या घरी पेट्रोलवरची जुनी पिकअप आहे. दोंडाईचा बाजारात मिरची, कांदा तिच्यातूनच जातो. मिस्तरी म्हणाला, "जुनं डिझेल इंजिन टाकून देतो, खर्च निम्म्यावर येईल." सही करण्याआधी आम्ही वही-पेन घेऊन हिशोबाला बसलो.

एका फेरीला जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले. पेट्रोल ४ लिटर, १०५ रुपयांनी ४२० रुपये. डिझेल ३ लिटर, ९२ रुपयांनी २७६. म्हणजे फेरीमागे १४४ रुपये वाचतात. महिन्याला दहा फेऱ्या, म्हणजे १,४४० रुपये. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच १,६०० रुपये! मुद्दल तर पुढेच राहिलं. पूर्वी सरकार डिझेलचा दर कमी ठेवत असे, म्हणून तेव्हा हा बदल परवडायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि ती गोष्ट मागे पडली.

आता गाडीचं बघू. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. एवढा दाब सोसायला इंजिन जाडजूड आणि वजनदार लागतं. म्हणून नुसतं इंजिन बदलून भागत नाही. पुढचे पाटे, इंजिनाचे माउंटिंग, क्लच, रेडिएटर, बॅटरी, स्टार्टर, डिझेलच्या नळ्या, सगळंच बघावं लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट ब्रेकची. ज्या गाडीला ब्रेक बूस्टर असतो, तो पेट्रोल इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालतो. डिझेल इंजिनात तसा जोर मिळत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बसवला नाही तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. मिरचीची पोती आणि वर चार बाया बसलेली गाडी वेळेवर थांबणार नाही.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायलाही आधी आरटीओची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार चालणार नाही असंच सांगितलं. बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी आरसी बुक मागते. त्यावर पेट्रोल आणि गाडीत डिझेल निघालं, तर भरपाईचं भांडण आपल्याच गळ्यात.

मग त्या ताईंचं काय झालं? त्यांना कर्ज दिलंच, पण थोडं, आहे त्याच इंजिनाचं काम करून घ्यायला. त्यांच्या मालकांना आधी राग आला. वहीतला हिशोब दाखवल्यावर ते गप्प बसले.

तुमच्या गटात असं कर्ज आलं तर चार प्रश्न विचारा: महिन्याला फेऱ्या किती? वाचणारे पैसे व्याजापेक्षा जास्त आहेत का? ब्रेकचं काय करणार? आरटीओची लेखी मंजुरी कुठे आहे? उत्तरं वहीत लिहून घ्या, मगच सही करा.