खूण कोणी करायची?

वर फेकलेला चेंडू माथ्यावर पोचला की त्याचे त्वरण शून्य होते, असे अकरावीतली हुशार मुलेही छातीठोकपणे सांगतात. हीच फेक मोबाइलवर टिपून ‘ट्रॅकर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्यावी आणि चौकटीगणिक चेंडूवर खूण करत जावे. वेग-काल आलेख शून्याची रेषा तिरका छेदून तसाच सरळ खाली उतरतो. माथ्यापाशी त्याचा चढ-उतार जराही बदलत नाही. मात्र तयार आलेख पडद्यावर दाखवून काम भागते, ही समजूत मला पटत नाही. शिकणे घडते ते खूण करताना. अमेरिकेतील रॉबर्ट बाइकनर यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेहमीचे काही प्रयोग बदलून मुलांनी स्वतः चित्रफितींचे विश्लेषण केले, तेव्हा त्यांची आलेखाची जाण स्पष्टपणे सुधारली. जिथे शिक्षकांनी एकदाच प्रात्यक्षिक दाखवले, तिथे पारंपरिक अध्यापनापेक्षा काडीचाही फरक पडला नाही.

यावर कोणी म्हणेल, खुणा करणे हे कारकुनी काम. ते यंत्राने केले तर काय बिघडले? बिघडते ते असे. सेकंदाला 30 चौकटी असतील, तर पडणाऱ्या चेंडूचे दोन चौकटींमधले अंतर दर वेळी सुमारे 1.1 सेंटिमीटरने वाढते. दोन मीटर उंची हजार पिक्सेलांत बसवली असेल, तर ही वाढ पाचएक पिक्सेलांची. डोळ्यांना दिसते, मोजता येते. हौसेने 240 चौकटींचा स्लो-मोशन घेतला की तीच वाढ 0.17 मिलिमीटरवर येते, म्हणजे पिक्सेलचा दहावा हिस्साही नाही. सलग चौकटींवरून काढलेला त्वरणाचा आलेख मग करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, आणि कॅमेरा महागडा असूनही असे का, हे ज्याने एकही खूण केलेली नाही त्याला कळायला मार्ग नसतो. हाताने खुणा करणारा मुलगा आठवी-आठवी चौकट घ्यायला आपणहून शिकतो. अंधूक उजेडात चेंडूची लांबट रेघ उमटली, तर तिचा मध्य धरायचा की टोक, हेही त्यालाच ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप जुन्या प्रयोगशाळेचा अभिमान बाळगणाऱ्यांचा: टिकर-टेपची सर याला नाही. पण ती पट्टी वस्तूला मागे ओढते आणि एका रेषेबाहेरची गती तिला टिपता येत नाही. कॅमेरा वस्तूला शिवत नाही, पण तोही फसवतो. मोजपट्टी दोन मीटरवरच्या भिंतीला टेकवली आणि चेंडू 1.8 मीटरवर पडला, तर गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी 10.9 येते. जर्नलमध्ये आधीच 9.8 लिहून ठेवण्याच्या आपल्याकडच्या रिवाजापेक्षा हे 10.9 मला कितीतरी मोलाचे वाटते, कारण त्याचा उलगडा करायला मुलांना पट्टी हलवावी लागते.

पाण्यातल्या कणांच्या ब्राउनीय गतीसारख्या प्रयोगात मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मान्य करायला हवे. तिथे हजारो चौकटी असतात आणि एकेका खुणेतून शिकण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या पन्नासेक खुणा हाताने करून बाकीचा माग यंत्रावर सोपवायला हरकत नाही.