दुहेरी इंटरनेट जोडणी आणि फायरवॉलचे नियम

बँकिंग व्यवहार आता शाखेच्या काउंटरपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. कर्मचाऱ्यांचे वेतन, पुरवठादारांची देयके, वस्तू व सेवा कराचा भरणा ही सर्व कामे व्यापारी आपल्या पेढीतूनच करतात. त्यामुळे मुदतीच्या दिवशी इंटरनेट बंद पडणे ही गैरसोय न राहता आर्थिक जोखीम ठरते. यावर उपाय म्हणून अनेक पेढ्या आणि लहान कारखाने दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात व त्या एकाच राउटरला जोडतात. मात्र दोन तारा जोडल्या म्हणजे काम संपले, असे नाही. त्या तारांवरून कोणी, कोठे आणि केव्हा जावे हे राउटरमधील नियम ठरवतात. ते नियम नीट घातले नाहीत, तर दुसरी जोडणी सोयीऐवजी अडचणच निर्माण करते.

जोडण्यांची निवड

पर्यायी जोडणी खऱ्या अर्थाने वेगळी असावी. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक भूमध्य समुद्रातील दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट सेवा मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झाली. पश्चिमेकडे जाणाऱ्या दोन केबल असूनही उपयोग झाला नाही, कारण दोन्हींवर एकाच वेळी घाला आला. पेढीच्या पातळीवरही हेच घडते. दोन कंपन्यांच्या तारा रस्त्याकडेच्या एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून येत असतील, तर खोदकामाच्या एका फटक्याने दोन्ही बंद पडतात. म्हणून एक जोडणी फायबरची आणि दुसरी मोबाइल जाळ्यावरील घेणे अधिक श्रेयस्कर.

भारविभागणी की राखीव जोडणी?

राउटर दोन जोडण्या दोन प्रकारे वापरू शकतो. पहिल्या प्रकारात दोन्ही एकाच वेळी चालतात आणि काम त्यांच्यात वाटले जाते. ही भारविभागणी होय. दुसऱ्या प्रकारात मुख्य जोडणी बंद पडल्यावरच राखीव जोडणी कामाला लागते.

भारविभागणी आकर्षक वाटते. परंतु नेट बँकिंगच्या बाबतीत तिच्यातून एक विशिष्ट अडचण उद्भवते. प्रत्येक जोडणीचा बाहेरच्या जगाला दिसणारा आयपी पत्ता निराळा असतो. ग्राहक पहिल्या जोडणीवरून लॉग-इन करतो आणि पुढच्या पानाची मागणी राउटर दुसऱ्या जोडणीवरून पाठवतो. बँकेच्या सर्व्हरला तोच ग्राहक अचानक दुसऱ्या पत्त्यावरून येताना दिसतो. अशा वेळी सुरक्षिततेच्या दृष्टीने ते सत्र संपुष्टात आणले जाऊ शकते. ‘सत्र समाप्त झाले, पुन्हा लॉग-इन करा’ ही सूचना वारंवार येऊ लागली, की ग्राहक बँकेच्या संकेतस्थळाला दोष देतो. प्रत्यक्षात कारण त्याच्याच कार्यालयातील राउटरमध्ये असू शकते.

याचा उपाय सोपा आहे. लेखा विभागाच्या संगणकांकडून ४४३ या पोर्टवर जाणारी, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांकडे जाणारी वाहतूक नेहमी पहिल्याच जोडणीवरून जावी आणि ती बंद असेल तरच दुसरीवरून जावी, असा मार्गनियम राउटरमध्ये घालावा. इतर संगणकांसाठी भारविभागणी चालू ठेवण्यास हरकत नाही. बँकेकडे ठरावीक आयपी पत्ता नोंदवून सेवा घेणाऱ्या संस्थांनी राखीव जोडणीचाही स्थिर पत्ता नोंदवून ठेवावा.

मुख्य जोडणी तुटून राखीव जोडणी सुरू होण्याच्या क्षणी चालू असलेले सत्र बहुधा खंडित होते. त्या वेळी एखादे देयक अर्ध्यावर असेल, तर ते लगेच पुन्हा पाठवू नये. प्रथम खात्याचे विवरण पाहावे. रक्कम वजा झाली आहे किंवा नाही याची खात्री झाल्यावरच पुढील पाऊल उचलावे; अन्यथा एकच देयक दोनदा अदा होण्याची शक्यता असते.

फायरवॉलचे नियम

फायरवॉल म्हणजे जाळ्याच्या प्रवेशद्वारावरील पहारेकरी. माहितीचे प्रत्येक पॅकेट कोठून आले, कोठे जाणार आणि कोणत्या पोर्टवर जाणार हे ती तपासते. बहुतेक राउटरमध्ये नियम वरून खाली वाचले जातात आणि जो नियम प्रथम लागू पडेल तोच अमलात येतो. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. ‘या संगणकास सर्व काही खुले’ असा नियम यादीत वर असेल, तर त्याखालील सर्व निर्बंध त्या संगणकापुरते निरर्थक ठरतात. विशिष्ट नियम वर, सामान्य नियम खाली आणि सर्वांत शेवटी ‘जे स्पष्टपणे मान्य नाही ते सर्व अमान्य’ हा नियम, अशी रचना असावी.

आतून मागवलेल्या माहितीचे उत्तर फायरवॉल ओळखते आणि ते आत येऊ देते. त्यासाठी बाहेरून आत येणारा मार्ग वेगळा उघडावा लागत नाही. पुढील बाबींकडे मात्र विशेष लक्ष द्यावे.

१. नवी जोडणी घेतल्यावर पहिल्या जोडणीचे निर्बंध तिलाही लागू झाले आहेत का, हे पडताळावे. पुढचे दार बंद आणि मागचे उघडे, अशी स्थिती येथेच उद्भवते.

२. आयपीव्ही-४ साठी घातलेले नियम आयपीव्ही-६ ला आपोआप लागू होतातच असे नाही. दोन्हींची स्वतंत्र तपासणी करावी.

३. घरून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. खंडणीखोर संगणकप्रणाली आत शिरण्याचा हा परिचित मार्ग आहे. त्याऐवजी व्हीपीएनचा अवलंब करावा.

४. राउटरचे व्यवस्थापन पान बाहेरून उघडता येणार नाही अशी व्यवस्था करावी आणि मूळचा पासवर्ड बदलावा.

बिघाडाचा शोध

व्यवहार अडला, की घाईघाईने फायरवॉलच बंद करण्याचा मोह होतो. काम त्या वेळेपुरते सुरू होते, पण फायरवॉल पुन्हा चालू करण्याचे राहून जाते. म्हणून शोध क्रमाक्रमाने घ्यावा.

प्रथम व्याप्ती ठरवावी. अडचण एका संगणकावर आहे की सर्वांवर, एका संकेतस्थळाची आहे की सर्वांची? त्यानंतर एका वेळी एकच जोडणी चालू ठेवून दोन्हींची चाचणी घ्यावी. एकेकटी असताना दोन्ही उत्तम चालतात आणि एकत्र असताना अडचण येते, असे आढळल्यास दोष तारेत नसून मार्गनियमांत आहे, असे समजावे.

पुढे ‘पिंग’ या आज्ञेने टप्प्याटप्प्याने तपासावे : आधी राउटर, मग सेवा कंपनीचे पहिले केंद्र, मग ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. अंकी पत्त्याला उत्तर मिळते, पण नावाला मिळत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेत असतो. काही कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर केवळ स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. त्यामुळे एका कंपनीच्या सर्व्हरकडे दुसरीच्या तारेवरून केलेली विचारणा अनुत्तरित राहते.

मुख्य जोडणी बंद असूनही राउटर राखीव जोडणीकडे वळत नाही, ही नेहमीची तक्रार. राउटर केवळ जवळच्या मोडेमची चौकशी करत असेल, तर मोडेम चालू असल्यामुळे पुढे तुटलेली तार त्याला कळत नाही. चौकशीसाठी सेवा कंपनीच्या पलीकडील किमान दोन पत्ते द्यावेत.

दोन्ही मोडेमचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ हाच असणे, हेही गोंधळाचे सर्वसामान्य कारण. एकाचा पत्ता बदलताच अडचण दूर होते. काही पाने उघडतात आणि काही अर्धवट अडकतात, असे घडत असेल तर पॅकेटची कमाल मर्यादा पाहावी. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत ती १५०० ऐवजी १४९२ बाइट असते.

हे सर्व करूनही उलगडा झाला नाही, तर फायरवॉलची नोंदवही उघडावी. कोणत्या नियमाने कोणते पॅकेट अडवले हे तेथे वेळेसह लिहिलेले असते. अर्थात, त्यासाठी राउटरचे घड्याळ बरोबर असावे लागते. कोणताही बदल करण्यापूर्वी चालू मांडणीची प्रत जतन करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची तारखेनिशी नोंद ठेवावी.

नियमित तपासणी

महिन्यातून एकदा, कामाची गर्दी नसताना, मुख्य जोडणीची तार मुद्दाम काढून पाहावी. राखीव जोडणी किती वेळात सुरू होते आणि बँकेचे संकेतस्थळ तिच्यावरून उघडते का, हे त्यातून कळते. बँकेच्या शाखांतील कर्मचाऱ्यांनी मात्र असे प्रयोग स्वतः न करता अडचण माहिती तंत्रज्ञान विभागास कळवावी. ग्राहकाच्या खात्यातून अनधिकृत व्यवहार झाल्याचे आढळल्यास त्याने विलंब न करता बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे.

दुसरी जोडणी पैसे भरून मिळते. तिचा भरवसा मात्र योग्य नियम आणि नियमित तपासणी यांतूनच निर्माण होतो.