शून्य एकट्या आर्यभटाचं नव्हे

शून्याचा शोध आर्यभटाने लावला, हे वाक्य भोसरी-चाकणच्या शाळांतली मुलंही सहज म्हणून दाखवतील. ते बरोबर नाही. इ.स. ४९९च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दसपट, हे तत्त्व आहे, पण तिथे संख्या अक्षरांनी लिहिल्या आहेत, शून्याचं चिन्ह नाही. शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले. रिकामं स्थान दाखवणारी खूण मात्र त्याच्याही कित्येक शतकं आधी बाबिलोनमध्ये होती, आणि माया लोकांनी आपलं शून्य स्वतंत्रपणे घडवलं.

आपल्याकडे आकडे फार पूर्वीपासून होते, म्हणजे शून्यही असणारच, हा आणखी एक समज. तो तपासायला दूर जायला नको. चाकणवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठून जुन्नरला वळलं की पुढे नाणेघाट. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचा हिशेब त्यात आकड्यांत कोरलेला आहे. एका ठिकाणी दक्षिणा २४,४०० नाणी. ती लिहिताना हजाराच्या चिन्हाला वीस जोडून वीस हजार, पुन्हा चार जोडून चार हजार, शंभराच्या चिन्हाला चार जोडून चारशे, अशी चिन्हं शेजारी-शेजारी मांडली आहेत. शून्य नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही! शंभर-हजाराची वेगळी चिन्हं टाकून दिली आणि जागेवरून किंमत ठरू लागली, तेव्हाच रिकामी जागा दाखवणं भाग पडलं. शून्य का लागतं, हे मुलाला या एका लेखावरून जितकं स्पष्ट कळेल तितकं एखादं नाव पाठ करून कळणार नाही.

यावर आक्षेप येतो की, श्रेय असं वाटून टाकलं तर मुलांना अभिमान कशाचा राहील? मला वाटतं, खऱ्या इतिहासातला अभिमान अधिक टिकाऊ असतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने भारतीय गणनपद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि ती भारतीयच म्हणून सांगितली; १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोनेही युरोपला हे आकडे भारतीयांचे म्हणूनच शिकवले. ‘अरबी आकडे’ हे नाव पुढे चिकटलं. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेच्या मराठी शाळा आहेत तशा उर्दूही. उर्दू उजवीकडून वाचतात, पण तिच्यातली संख्या मराठीसारखीच डावीकडून उजवीकडे लिहितात आणि दोन्हींचे अंक एकाच कुळातले आहेत. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य म्हटलं, ते आज कोणी मानत नाही. हेही वर्गात सांगायला हवं, कारण सीएनसी मशीनवर ‘झिरो’ सेट करायला पुढे हीच मुलं उभी राहणार आहेत, आणि थोरांचंही पडताळून पाहायची सवय त्यांना लागायला हवी.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो शिक्षकांच्या दृष्टीने खरा आहे. पण त्यासाठी नवा विषय नको. स्थानिक किमतीच्या धड्यातच २४,४०० ही संख्या आधी नाणेघाटाच्या रीतीने लिहायला द्यावी, मग आपल्या. आणि दोन्ही रीतींनी तिची दुप्पट करायला सांगावी.