गाडी परत बोलावली, पण कुणाची?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, मंचरच्या बाजार समितीत दिसणाऱ्या कित्येक पिकअप जुन्या घेतलेल्या असतात. मला काळजी त्यांची वाटते. ब्रेक, स्टिअरिंग यांत कारखान्यातच दोष राहिला, तर कंपनी गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आले. सरकारलाही आता तसा हुकूम देता येतो. पण पत्र जाते ते नोंदीतल्या मालकाला. गाडी नावावर केली नसेल, तर पत्र त्याच्याकडे पडून राहते आणि माळशेज घाटात ब्रेक दाबता तुम्ही! म्हणून आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. गाडी यादीत असेल, तर त्या दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. काम झाल्याचा कागद मात्र जपून ठेवा.