ड्रॅगनचा फोटो? चला गोंदियाला!

रिसॉर्टच्या बागेतल्या कारंज्यावर तो हमखास भेटतो. सिमेंटचा, अंगावर सोनेरी रंग, वासलेल्या जबड्यातून पाण्याची धार. ड्रॅगन! फेंगशुईची लाट आली तेव्हा तो ऑफिसच्या लॉबीत आणि घरातल्या शोकेसमध्येही शिरला. आपण त्याच्यासमोर उभं राहून एक फोटो काढतो, की पुढे बुफेकडे.

पण मंडळी, हा प्राणी पाण्यापाशीच का? युरोपातला ड्रॅगन आग ओकतो. पूर्वेकडचा मात्र ढग आणि पावसाचा मालक. तिबेटी भाषेत तर ‘द्रुक’ म्हणजे ड्रॅगनही आणि मेघगर्जनाही. आभाळ गडगडलं की समजायचं, वर कुणीतरी ओरडतंय! भूतान स्वतःला ‘द्रुक युल’, म्हणजे ड्रॅगनचा देश म्हणवतो, तो याच द्रुकवरून.

हे सगळं फोटोत पकडायचं तर बँकॉकचं तिकीट कशाला? गोंदिया जिल्हा आहे ना! अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. 1972 साली वसलेली. कागदोपत्री अजूनही तिच्यापुढे ‘भंडारा’ लागतं, कारण गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. आसपासच्या लोकांसाठी मात्र तो साधा सरळ ‘तिबेटी कॅम्प’. धानाच्या बांध्या, पळसाची झाडं, आणि मधेच वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थनापताका. एकदम सॉलिड फ्रेम!

तिबेटी विहारांत ड्रॅगन शोधायचा तो खांबांवर, दाराच्या चौकटींवर, पडद्यांवर. त्याच्या पंजात बहुतेकदा रत्नं असतात. छपराच्या कोपऱ्यांवर किंवा पाण्याच्या तोटीवर मात्र दिसतो तो त्याचा चुलतभाऊ. मगरीचा जबडा, हत्तीसारखी सोंड. हा ड्रॅगन नव्हे, हा आपला मकर! गंगेचं वाहन. आपल्या जुन्या देवळांत अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, तिथे कुठे गोमुख असतं, कुठे मकरमुख. हाच मकर बौद्ध धर्माबरोबर हिमालय ओलांडून गेला, तिबेटी कलेत मुरला आणि निर्वासितांच्या सामानातून पुन्हा भारतात आला. बागेतल्या सिमेंटच्या ड्रॅगनला असा बायोडेटा कुठला?

म्हणूनच इथे एक पथ्य पाळायचं. हा आपल्या फोटोसाठी लावलेला सेट नाही. वसाहतीत जन्मलेल्या पिढ्यांनी तिबेट पाहिलेलाच नाही. त्यांच्यासाठी भिंतीवरचा द्रुक हा त्या न पाहिलेल्या देशाचा तुकडा आहे. थंडीत गेलात तर बरीच घरं बंद दिसतील, कारण मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. कुणी सांगावं, तुमच्या कपाटातला स्वेटरही इथल्याच कुणाकडून घेतलेला असेल! फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसर, म्हणजे तिबेटी नववर्ष येतं. तेव्हा बाहेरगावी गेलेली माणसं घरी परततात. फोटोसाठी आणि गप्पांसाठी तोच मोसम बेस्ट.

क्लिक करण्याआधी

• विहारात शिरण्याआधी परवानगी विचारा. चपला बाहेर, फ्लॅश बंद. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली.

• सोनेरी रंगावर भर दुपारचं ऊन नको, नुसती चकाकी येते. सकाळची तिरपी किरणं किंवा ढगाळ दिवस उत्तम.

• परतल्यावर तुमच्या शहरातल्या कारंज्यावर प्रॅक्टिस करा. पाण्याचे थेंब हवेत गोठवायचे तर शटर 1/1000 सेकंद. धार रेशमासारखी हवी तर 1/4 सेकंद आणि ट्रायपॉड. मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्येही हे जमतं.

• उभे राहून वरून फोटो काढू नका. गुडघे टेका, ड्रॅगनच्या डोळ्यांच्या रेषेत या. उन्हाची दिशा मागून किंवा बाजूने असली की थेंब चमकतात.

• ओल्या मूर्तीवरची चकाकी कमी करायला पोलरायझर फिल्टर वापरा.

कसं जाल? नागपूरहून भंडारा-साकोलीमार्गे रस्ता. रेल्वेने गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचं अर्जुनी स्टेशन. वीकेंड हाताशी असेल तर वाटेत नवेगावबांधचा तलाव आहेच.

आणि हो, ज्यांचे फोटो काढाल त्यांना ते पाठवा. एक प्रिंट काढून पोस्टाने पाठवलीत तर आणखी छान. पुढच्या वेळी गेलात की चहा नक्की मिळेल!