‘खो’चा अर्थविचार : एका साखळी सामन्याच्या निमित्ताने

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिला संघाने नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची. जुन्या पद्धतीचा खो-खो पाहिलेल्यास ही गुणसंख्या अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. खेळाचे नियम बदलले म्हणजे त्याची परिभाषा बदलते, आणि परिभाषेबरोबर रूढ शब्दांचे परस्परसंबंधही बदलतात. ‘खो’ हा शब्द या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय.

विटीदांडू, क्रिकेट किंवा बेसबॉल यांप्रमाणेच खो-खोतही दोन्ही पक्षांना आळीपाळीने डाव मिळतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळास नियमबद्ध रूप दिले. रूढ पद्धतीत आठ गडी दोन खुंटांमध्ये एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडेही जाता येत नाही. ही दोन बंधने आहेत म्हणूनच खो देणे आवश्यक ठरते. खो म्हणजे पाठलागाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपविणे.

व्यवहारात मात्र ‘एखाद्याच्या कामात खो घालणे’ म्हणजे विघ्न आणणे. एकच शब्द खेळात साहाय्याचा आणि बोलण्यात अडथळ्याचा वाचक कसा, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. भेद दृष्टिकोनाचा असावा. पळणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास खो म्हणजे मदतीची याचना. बसलेल्याच्या बाजूने पाहिल्यास स्थिर जागेवरून अकस्मात उठविले जाणे. वाक्प्रचाराने दुसरी बाजू उचलली, असे मानल्यास दोन्ही अर्थांची संगती लागते. क्रियापदांतील भेदही लक्षणीय आहे : खेळात खो ‘देतात’, कामात तो ‘घालतात’.

१४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक साखळी स्पर्धेस प्रारंभ झाला. पहिल्या साखळी सामन्यात गुजरात जायंट्सने मुंबई खिलाडीज संघास ६९-४४ असे हरविले. पूर्वी एक गडी बाद म्हणजे एक गुण असल्याने गुणफलक ही बाद गड्यांचीच मोजदाद होती. या स्पर्धेत साध्या स्पर्शाला दोन व सूर मारून किंवा खुंटाचा आधार घेऊन बाद केल्यास तीन गुण देण्यात आले. निर्धारित वेळेपलीकडे टिकणाऱ्या तुकडीसही गुण मिळू लागले. म्हणजे गुण व गडी यांचा संबंध सुटला.

याहून महत्त्वाचा बदल ‘वजीर’ या संज्ञेत आहे. बुद्धिबळातून आलेला हा शब्द दोन्ही दिशांना धावण्याची मुभा असलेल्या आक्रमकास लावला गेला. ज्या बंधनामुळे खो आवश्यक होता त्यातून वजीर मुक्त आहे. त्याच्यापुरते खो हे अपरिहार्य साधन न राहता अनेक पर्यायांपैकी एक ठरते. संघाच्या नावात मराठी ‘खेळाडू’ऐवजी हिंदी ‘खिलाडी’ला इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय जोडलेला आहे, हेही श्रोतृवर्ग कोणता अभिप्रेत होता याचे द्योतक मानावे लागेल.

यावरून खेळ बिघडला असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. व्यावसायिक रूपामुळे गावच्या पटांगणातील कौशल्यास प्रतिष्ठा व अर्थार्जनाची संधी लाभली, हा लाभ लहान नाही. मात्र खुंट, तुकडी, गडी, डाव, हुलकावणी हे शब्द अद्याप वापरात आहेत तोवरच बीडसारख्या जिल्ह्यांतील पटांगणांवरून, क्रियापदांसह, त्यांची नोंद व्हावयास हवी. शब्दकोशात ‘खो’ राहील. तो कोणत्या बंधनातून जन्मला, हे मात्र नोंदीवाचून कळणार नाही.